शिवडीच्या चिखलातली मोटार

अण्णा गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी सहावीच्या वह्या तपासत बसले होते. शिपाई म्हणाला, परळहून फोन होता बाई, तुमचे भाऊ गेले. मी लाल पेन हातात तसंच धरून विचारलं, कुठे गेले? बिचारा खाली मान घालून उभा राहिला… सकाळी चहा झाला, कप विसळून पालथा घातला आणि बाकड्यावर बसल्या बसल्या माझा थोरला भाऊ गेला. मी पोचले तेव्हा खोली माणसांनी भरली होती आणि चौघेजण घामाघूम होऊन त्याची मोटार हलवायच्या मागे लागले होते. दहा बाय बाराच्या खोलीत देह ठेवायला जागा हवी होती, आणि खोलीतली सगळ्यात चांगली जागा, खिडकीखालची, कित्येक वर्षं त्या मोटारीनं अडवून ठेवलेली होती. लाकडी घोडा फरशीत पक्का केलेला आणि त्याच्यावर मोटार आवळून बसवलेली. कोणी ओढत होतं, कोणी पहार आणा म्हणत होतं. शेवटी मीच पदर खोचला, मागच्या दोन चाव्या उलट्या फिरवल्या आणि मोटार उतरवून दिली. भावाच्या मयताला आलेली बहीण आधी मोटार उतरवते, हे काही लोकांना बरं दिसलं नसावं.

त्याला आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारे सांगतात, देवमाणूस होता. मी मान हलवते. देवमाणूस वगैरे मला लिहिता येणार नाही, कारण मी त्या माणसावर जितकी चिडले तितकी आयुष्यात दुसऱ्या कोणावर चिडले नाही, आणि अजून तो राग पुरता गेलेला नाही. ज्या मोटारीबद्दल मी बोलते आहे ती होडीच्या मागच्या फळीला लावायची, पेट्रोलवर चालणारी मोटार. वर पेट्रोलचा डबा, मध्ये यंत्र, खाली माणसाच्या पायाएवढा लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पितळी पंखा. परळच्या चाळीत, जिथे होडी म्हणजे पोरांनी गटारात सोडलेली कागदाची, तिथे अशा मोटारीचं काय काम, हे सांगायचं तर आधी आमच्या गावची खाडी सांगायला हवी.

आमचं गाव दक्षिण कोकणात, खाडीच्या अलीकडच्या काठाला. डॉक्टर, पोस्ट, बाजार सगळं पलीकडे. मध्ये पूल नाही, होडी तेवढी. भरतीला खाडी भरून वाहते आणि ओहोटीला मधोमध नुसता चिखल उरतो, त्यात ना होडी चालते ना माणूस. अण्णा चौदाव्या वर्षी मुंबईला आला, मिलमध्ये सूत कातायच्या खात्यात तेलवाला म्हणून लागला. सूत पिळणाऱ्या हजारो चात्यांना ठरल्या वेळी ठरल्या जागी तेल घालायचं, एवढंच काम, पण ते तो पूजेसारखं करायचा. वडील गेल्यावर त्यानंच मला मुंबईला आणून शाळेत घातलं. आई गावीच राहिली. ती गावची सुईण होती. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. त्यामुळे अण्णाच्या बायकोला, शालूवहिनीला, दिवस गेले तेव्हा ती बाळंतपणाला आईकडे जाणार हे कोणी वेगळं ठरवलंच नाही. वहिनीला माहेर असं राहिलंच नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर बोटीनं गावी गेले. मी सोळा वर्षांची होते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगायची ताकद माझ्यात अजून नाही. रात्रभर कळा देऊन सकाळी आईच्या लक्षात आलं की मूल आडवं आहे. आईनं जेवढं येत होतं तेवढं केलं आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, म्हणाली की डॉक्टरकडे न्यायला हवं. माणसं जमवून, खाट उचलून होडीपर्यंत येईतो पाणी उतरायला लागलं होतं. खाडीच्या मधोमध होडी चिखलात बसली. दोन माणसं खाली उतरून ढकलू लागली ती कमरेपर्यंत रुतली. पलीकडचा काठ दिसत होता, काठावर उभी असलेली माणसं दिसत होती, डॉक्टरच्या घराचं कौल दिसत होतं. वहिनीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. भरती येईपर्यंत ती थांबली नाही. अण्णा तेव्हा मुंबईत पाळीवर होता, त्याला तार मिळाली.

दीड वर्षानं तो, जुन्या बोटी मोडतात त्या दारूखाना बंदराच्या भंगारातून ही मोटार घेऊन आला. लढाईच्या वेळची, लष्कराच्या टाकाऊ मालातली. खोक्यावरचा रंग उडालेला, पंख्याचं एक पातं वाकडं, आतलं सगळं गंजून एकजीव झालेलं. हातगाडीवरून उतरवून त्यानं ती खोलीत आणली आणि मला म्हणाला, ही चालू केली की गावच्या होडीला लावायची. मोटार असती तर ओहोटीच्या आधी पलीकडे पोचला असतात. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, अरे, चिखलात पंखा फिरून काय होणार, तिथे पाणीच नव्हतं, मी होते ना त्या होडीत. त्यानं ऐकून घेतलं आणि पान्हा शोधायला लागला. त्या दिवसापासून मोटार म्हणजे वहिनी, हे आमच्या घरात ठरून गेलं. बोललं कधीच गेलं नाही.

अण्णाला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. मिलची यंत्रं विजेवर चालायची, पेट्रोलचं इंजिन त्यानं बाहेरूनच पाहिलेलं. मोटारीबरोबर वाळवीनं कुरतडलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं आणि घरात इंग्रजी येणारी मी एकटी, मॅट्रिकच्या वर्गातली. संध्याकाळी भात टाकून मी ते पुस्तक वाचून त्याचं मराठी वहीत उतरवायचे आणि तो समोर उकिडवा बसून ऐकायचा. निम्म्या शब्दांना मला मराठी येत नव्हतं आणि निम्म्या शब्दांचा अर्थच कळत नव्हता. पहिला महिना तर यंत्र फिरवण्यातच गेला. आतलं जाम झालेलं सुटावं म्हणून पुस्तकात लिहिल्याप्रमाणे रॉकेल ओतून ठेवलं, आठ दिवस थांबायचं होतं. अण्णा तिसऱ्याच दिवशी हातोडा घेऊन बसला आणि वरच्या जड चक्राचा काठ उडवला. चक्राखाली नखाएवढी एक पोलादी चावी असते, तिच्यामुळे ठिणगी वेळेवर पडते. ती त्यानं काढून चहाच्या बशीत ठेवली आणि मी ती बशी धुतली. चावी मोरीतून गेली. त्यावरून आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. मग त्यानं खिळा घासून घासून नवी चावी केली, आणि ती बसेना तेव्हा दुसरी केली, आणि तिसरी.

मोटार चालू करायला चक्राला दोरी गुंडाळून जोरानं ओढायची असते. ती दोरी अण्णानं किती वेळा ओढली असेल त्याला गणती नाही. ओढायची, काही व्हायचं नाही. ठिणगी येते का बघायला हात लावायचा, झटका बसायचा, म्हणजे ठिणगी येत होती. मग पेट्रोल येत नसायचं. पेट्रोलच्या वाटीत एक बुचाचा तरंगता तुकडा असतो, तो पेट्रोल पिऊन बुडायला लागला होता. अण्णानं बाटलीचं बूच कोरून नवा केला आणि त्याला दाराला लावतात तो रंग दिला. रंग पेट्रोलात विरघळला, सगळ्या नळ्या चिकटून बसल्या, परत सगळं उघडा. शेवटी कपाटं करणाऱ्या एका सुतारानं सांगितलं, लाखेचं पॉलिश लाव. ते टिकलं. एवढ्या एका बुचासाठी आमचे अडीच महिने गेले. मी मॅट्रिक पास झाले ते पेट्रोलच्या वासात, आणि पेढे वाटले त्यांनाही तो वास येत होता असं शेजारच्या गोदाक्का अजून सांगतात.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मिल बंद, हरताळ, संचारबंदी, आणि अण्णा त्यात सगळ्यात पुढे. मोर्च्याहून यायचा तो घसा बसलेला, शर्ट फाटलेला, आणि आल्या आल्या पान्हा हातात. मला त्याचं तेव्हा कौतुक वाटायचं. सरकारपुढे उभं राहून "झालाच पाहिजे" म्हणणारा माझा भाऊ! बाकी मोटारीच्या कामाला त्याला हरताळातच वेळ मिळायचा. मोटार पाण्याशिवाय चालवली तर तापते, म्हणून तिचा दांडा पिंपात बुडवून चालू करायची असते. आता आमच्या चाळीत पाणी पहाटे तासभर यायचं आणि बायका त्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी ठेवायच्या. तिथे एका भंगार मोटारीसाठी पिंपभर पाणी! अण्णा आठ दिवस आंघोळीला एक तांब्या घ्यायचा आणि उरलेलं साठवायचा. गोदाक्का म्हणाल्या, हा माणूस मोटारीला न्हाऊ घालतो आणि स्वतः पारोसा राहतो.

असं पिंप भरलं आणि चाळीच्या चौकात त्यानं दोरी ओढली. पाच-सहा वेळा काही नाही, आणि सातव्या वेळी मोटारीतून बंदुकीसारखा बार निघाला. पाठोपाठ दुसरा. चारच दिवसांपूर्वी शहरात गोळीबार होऊन माणसं गेली होती, आमच्या ओळखीतलीही. सगळ्या चाळीची दारं धडाधड लागली, बायकांनी पोरं ओढून खाटेखाली घातली, जिन्यात एक म्हातारे गृहस्थ पडले आणि त्यांचा हात मोडला. अण्णा पिंपाजवळ दोरी हातात घेऊन उभा. घासून केलेली चावी सरकली होती आणि ठिणगी भलत्या वेळी पडली होती, हे त्याला मागाहून कळलं. त्या क्षणी त्याला एवढंच कळलं की ज्या लोकांबरोबर तो काल मोर्च्यात चालला होता त्यांना त्यानं आज जमिनीवर पालथं पाडलं. संध्याकाळी सगळे आमच्या दाराशी आले. कोणी ओरडलं नाही. मोटार चाळीत चालू करायची नाही, एवढंच सांगून गेले.

मग मोटार शिवडीला गेली. आमच्या गावचा धोंडू तिथे बंदराजवळच्या एका वखारीत रखवालदार होता, त्यानं कोपरा दिला. पुढची अडीच-तीन वर्षं अण्णा दर सुट्टीला परळहून शिवडीला चालत जायचा आणि काळे हात घेऊन परत यायचा. मध्यंतरी मी शिक्षिका झाले, माझं लग्न झालं, नायगावात संसार थाटला. आमचे हे गोदीत कारकून, स्वभावानं गरीब. मी म्हणायचे, कंटाळून सोडून देईल. अण्णानं सोडलं नाही. मोटार आता सुरू व्हायची, दहा-पंधरा सेकंद खोकल्यासारखी चालायची आणि बंद पडायची. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, आता एवढं एक केलं की झालं. ते एक कधी संपायचं नाही.

आणि मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे त्याच खाडीकाठी, आईच्या हातून. वहिनीचं तसं झाल्यावर आई तरी नको म्हणेल असं मला वाटत होतं. तिनं उलट निरोप धाडला की सातव्यात कुसुमला घेऊन या. सुनेच्या वेळी हात चुकला असं गावात बोललं जात होतं, आता मुलगीही आली नाही तर त्या बोलण्यावर शिक्कामोर्तब झालं असतं. मला ते कळत होतं. मला हेही कळत होतं की त्या खाडीकाठी जाऊन झोपायची माझी छाती नाही. रात्री मला होडी दिसायची. पण मीही काही बोलले नाही, कारण असं काही बोलायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. अण्णाचं मात्र ठरलं होतं. तुझ्या सातव्याच्या आत मोटार गावी, म्हणाला. तू काळजी करू नकोस. म्हणजे आता माझा जीव त्या दोरीला बांधलेला.

त्या घाईत पुस्तकातलं एक पान मी पुन्हा वाचलं. पेट्रोल डब्यात ओतण्याआधी त्यात ठरावीक तेल मिसळायचं, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. अमुक पेट्रोलला तमुक तेल. वहीत मी ते आधीही उतरवलं होतं, पण अण्णानं कधी केलं नव्हतं. मी शिवडीला जाऊन त्याला वाचून दाखवलं. तो असा बघायला लागला की जणू मी दुधात पाणी घालायला सांगते आहे.

"पेट्रोलात तेल? ही भेसळ झाली गो."

त्या काळात रेशनवर रॉकेलपासून गोडेतेलापर्यंत कशात काय मिसळलेलं असेल सांगता यायचं नाही आणि अण्णाला भेसळीची भयंकर चीड. शिवाय वीस वर्षं तेलवाला. तेल कुठे घालायचं हे त्याला एका शाळामास्तरणीनं सांगायचं? तेल तेलाच्या जागी, असं त्याचं म्हणणं. त्यानं मिलमधलं उत्तम तेल आणून यंत्राच्या आत नळीनं सोडलं होतं आणि पेट्रोल फडक्यातून दोनदा गाळून घेतलं होतं. इंग्रजी छापताना चुकलं असेल, म्हणाला. किंवा तुझं वाचताना. मी बरोबर वाचलं होतं. मला पक्कं माहीत होतं की मी बरोबर वाचलं आहे. तरी सहाव्या महिन्यातलं पोट घेऊन मी त्याच्याशी भांडत बसले नाही, पुस्तक मिटलं आणि घरी आले. आजही मला झोप येत नाही तेव्हा मी मनात त्या वखारीत परत जाते आणि पुस्तक मिटत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी भरती होती. धोंडूनं एक छोटी होडी मागून आणली, अण्णानं मोटार मागच्या फळीला आवळली आणि वल्ही न घेताच दोघं होडीत बसले. मी बंदराच्या पायऱ्यांवर उभी होते. दुसऱ्याच ओढीला मोटार सुरू झाली, आणि ह्या वेळी खोकली नाही. एकसारखा, भरीव आवाज यायला लागला. होडी पाणी कापत निघाली. अण्णानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, हात वगैरे केला नाही, नुसतं पाहिलं. मी पायरीवर उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांची चिडचिड, ती मोरीतली चावी, ते बूच, सगळं मी त्या क्षणी माफ केलं. पंधरा मिनिटं झाली असतील. होडी बरीच लांब गेली होती, वळून परत येत होती. मग आवाज बारीक झाला, चिरका झाला, आणि पत्र्यावर पत्रा घासावा तसा एक किंचाळता आवाज येऊन बंद पडला. आतलं तेल जळून गेलं होतं आणि पेट्रोलात तेल नव्हतं. यंत्र आतल्या आत कोरडं घासून चिकटून बसलं.

अण्णा दोरी ओढत राहिला. चक्र हलत नव्हतं तरी ओढत राहिला. तोवर पाणी उतरायला लागलं. शिवडीची ओहोटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे, पाणी बघता बघता लांब जातं आणि मागे राखाडी चिखल उरतो, डोळे पोचतील तिथवर. होडी त्या चिखलात बसली. पायऱ्यांपासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. तिथून अण्णाला मी दिसत होते आणि मला तो. दोघांनाही कळत होतं की आपण काय बघतो आहोत. तासभर तो होडीत बसून राहिला. मग धोंडूला होडीत ठेवून चिखलात उतरला. मांडीपर्यंत रुतत, पडत, हातांवर रांगत तो पायऱ्यांपर्यंत आला आणि खालच्या पायरीवर बसला. डोळे तेवढे चिखलाबाहेर होते. मला वाटलं, म्हणेल तुझं वाचलेलं बरोबर होतं. मी त्याची वाटच बघत होते.

"ती बोलली होती माका," तो म्हणाला. "हयंच रवतंय म्हणान."

मला कळेना. कोण बोललं होतं?

"शालू. हॉस्पिटल धा मिनिटांवर आसा, हयंच रवतंय, म्हणाली. दोनदा म्हणाली. मी म्हटलंय, आवशीक काय सांगू?"

परळला राहून हे आम्हाला कोणाला सुचलं नव्हतं असं नाही. वहिनीला सुचलं होतं, इथेच राहते असं तिनं सांगितलंही होतं, आणि आईला काय सांगू म्हणून अण्णानं ते उडवून लावलं होतं. पाच वर्षं हा माणूस ते पोटात घेऊन मोटारीची दोरी ओढत होता. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर राग. सरकारला "झालाच पाहिजे" म्हणून सांगायला तुझा घसा फुटतो, लाठ्या खाताना तुला भीती वाटत नाही, आणि आईला एक पोस्टकार्ड टाकता आलं नाही तुला? एवढी मोटार खोलून जोडायला जमली आणि एक वाक्य बोलायला जमलं नाही? मी हे सगळं त्याला बोलले, चिखलानं भरलेल्या माणसाला, भर दुपारी, बंदरावरच्या हमालांसमोर. तो ऐकत राहिला. मग वर बघून त्यानं मला विचारलं, तुला कुठे हवंय? तोवर हे मला कोणी विचारलं नव्हतं. ह्यांनी नाही, आईनं नाही, मी स्वतःलासुद्धा नाही. मी म्हटलं, इथे. त्याच संध्याकाळी त्यानं आईला कार्ड लिहिलं. कुसुमचं बाळंतपण मुंबईस होईल, तू ये. एवढंच. लिहिताना तीन कार्डं फाडली.

आई आली. बोटीतून उतरली ती बाळंतपणाचं गाठोडं काखेत घेऊन आणि अण्णाशी चकार शब्द न बोलता. दीड महिना एका खोलीत राहून ती त्याच्याशी बोलली नाही, ताट सरकवायची, बस्स. मला कळा सुरू झाल्या तेव्हा परळच्या इस्पितळात तिला आत सोडलं नाही. पंचक्रोशीची सुईण बाहेर बाकावर बसली, हात मांडीवर ठेवून. शेजारी अण्णा. हे समोर उभे होते म्हणून पुढचं मला कळलं. बऱ्याच वेळानं नर्स बाहेर आली, म्हणाली मुलगी झाली, अडली होती, चिमटा लावावा लागला, आता दोघी ठीक आहेत. आईनं ते ऐकलं, गाठोडं सोडलं, परत बांधलं. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "शालू हयं असती तर वाचली असती." अण्णा म्हणाला, "होय." त्यानंतर दोघंही पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. मुलीचं नाव आम्ही नंदा ठेवलं.

पुढच्या वर्षी महाराष्ट्र झाला, परळमध्ये गुलाल उधळला गेला, अण्णाही नाचला. जाम झालेली मोटार त्यानं शिवडीहून खोलीत आणली, घोडा करून खिडकीखाली बसवली आणि पुन्हा कधी उघडली नाही. ती दुरुस्त होण्यासारखी होती. एक ओळखीचा मेकॅनिक आतले भाग बदलून द्यायला तयार होता. अण्णा नको म्हणाला. मी किती वेळा त्याच्याशी वाद घातला, एक तर चालू कर नाहीतर टाकून दे, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तो दर रविवारी ती फडक्यानं पुसायचा. कोणी विचारलं की स्वतःहून सांगायचा, बहिणीनं सांगितलं होतं तेल घाल, मी ऐकलं नाही. माझ्यासमोर मात्र हे तो एकदाही म्हणाला नाही. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. गावच्या खाडीवर पूल झाला तेव्हा सगळे बघायला गेले, हा गेला नाही. असा माणूस. समजावून घ्यावं म्हटलं तर हाताला लागायचा नाही आणि सोडून द्यावं म्हटलं तर सोडवायचा नाही…

शेवटची भेट तो जायच्या चार दिवस आधीची. रविवार होता, तो मोटार पुसत होता आणि मी बाकड्यावर बसून नंदाचं सांगत होते. नंदा आता नाशिकला असते, तिला सातवा लागला होता, पहिलंच. मी रजेचा अर्ज टाकला होता, आतल्या खोलीतली खाट रिकामी केली होती, जावयांना कळवलं होतं की पंधरवड्यात तिला आणून सोडा. आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं होतं. सगळं कसं नीट लावलं आहे हे मी त्याला मोठ्या हौसेनं ऐकवत होते. फडकं थांबवून त्यानं विचारलं, "नंदाक इचारलंस?"

मला राग आला. म्हटलं, त्यात विचारायचं काय? माहेरी यायला कोण नको म्हणतं? आणि मुंबईत काय खाडी आहे? तो उठून चहा ठेवायला गेला. मी चहासाठी थांबले नाही, उशीर झाला म्हणून निघून आले.

सुतकामुळे नंदाचं येणं लांबलेलंच होतं, तेरावं झाल्यावर मी तिला पत्र लिहायला बसले. ते लिहायला मला आठ दिवस लागले, आणि लिहिलं काय तर तीन ओळी. तुला कुठे हवंय ते कळव, मला काही वाईट वाटणार नाही. शेवटचं खोटं होतं, वाईट वाटणारच होतं. तिचं उत्तर परवा आलं. तिथली डॉक्टर तिला पहिल्यापासून बघते आहे, दवाखाना घराला लागून आहे, नवरा रात्री घरी असतो. पुढे तिनं लिहिलं आहे, "मला इथंच राहायचंय. दोन महिने ह्यांना रोज विचारत होते, आईला काय सांगू?"

पत्र मी तिथेच, दारात उभी राहून पुन्हा वाचलं. ह्यातली आई म्हणजे मी, हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. शनिवारी मी नाशिकला जाते आहे.